काटा कुणाचा, पोट कुणाचे?

(तृतीय वर्ष कला, मराठी)

रेल्वे स्थानकावर पूर्वी वजनाचे एक यंत्र असे. नाणे टाकले की त्यातले रंगीत दिवे लुकलुकत, चक्र फिरे आणि खटकन् जाड कागदाचे एक तिकीट खाली पडे. तिकिटाच्या एका बाजूला वजन छापलेले आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. माझे वडील सांगतात, वजन कुणी फारसे वाचत नसे. सगळे आधी तिकीट उलटे करून भविष्य वाचत. ती यंत्रे आता दुर्मिळ झाली. पण एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य ही छपाई काही थांबलेली नाही. निदान मुलींच्या बाबतीत तरी नाहीच.

गेल्या वर्षी आमच्याच घरात असे तिकीट पडले. त्या निमित्ताने जे पाहिले, वाचले आणि मनात घोळत राहिले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही, भाषेची आहे. तेव्हा औषधपाण्याचा सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु निर्णय कोण घेतो, कशासाठी घेतो आणि कुणाच्या जिवावर घेतो, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही, तुमचा-आमचाही आहे.

माझी चुलत बहीण पंचवीस वर्षांची. आम्ही तिला ताई म्हणतो. वाणिज्य शाखेची पदवीधर, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरीला. हिशेबाला चोख, गळ्याने गोड, आणि सकाळी घरातल्या सर्वांचा स्वयंपाक उरकून वेळेवर एस.टी. गाठणारी. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७० किलो. आजार म्हणाल तर वर्षातून एखादी सर्दी. दोन वर्षांत तिला पाच स्थळे आली आणि गेली. "मुलगी चांगली आहे, पण..." या 'पण'च्या पुढे कुणी जात नसे. पाचव्या स्थळाच्या मध्यस्थांनी मात्र ते बोलून दाखवले. "आजकाल पोटाचं ऑपरेशन करून वजन उतरवून देतात म्हणे. तेवढं बघा, पुढचं मी बघतो!"

त्या रात्री काकांनी ठेवपावत्या काढल्या आणि वहीवर आकडे मांडले. कुणीतरी साडेतीन लाख खर्च सांगितला होता. काकू म्हणाल्या, "एकदाच काय तो खर्च होईल, पण जन्माची काळजी मिटेल." वर्तमानपत्रातली एक जाहिरात काकांनी कापून ठेवली होती. तिच्यात एकाच बाईची दोन छायाचित्रे होती, एक आधीचे आणि एक नंतरचे. आधीच्या छायाचित्रात बाई उदास, नंतरच्यात हसरी. दोन्हींच्या मध्ये काय काय घडले, त्याविषयी जाहिरातीत एक अक्षर नव्हते.

श्रावणात आम्ही पाचजण पुण्याला एका इस्पितळात गेलो. काका, काकू, ताई, कागदपत्रे वाचायला घरातली 'शिकलेली' म्हणून मी, आणि काकूंना सोबत म्हणून माझी आत्या.

आत्याविषयी थोडे सांगायला हवे. वय सत्तेचाळीस. गावात ती विद्यार्थ्यांची खानावळ चालवते. आत्याचे यजमान साखर कारखान्यात नोकरीला आहेत. उंची १५० सेंटिमीटर, वजन तेव्हा ९४ किलो. नऊ वर्षांचा मधुमेह, त्यात दोन वर्षांपासून इन्शुलिन, रक्तदाबाची गोळी, आणि जिना उतरताना गुडघ्यावर हात. रात्री घोरता घोरता तिचा श्वास मध्येच अडके आणि ती दचकून उठून बसे. दुपारी पोळ्या लाटता लाटता तिला डुलकी लागे. आम्ही मुले तिच्या घोरण्याची नक्कल करून हसत असू. हे लिहिताना शरम वाटते. पण लिहिलेच पाहिजे.

डॉक्टरांनी ताईचे वजन-उंची पाहिली, कागद चाळले, आणि काका-काकूंना म्हणाले, "मला दहा मिनिटं तुमच्या मुलीशी एकटीशी बोलू द्या." आत काय झाले ते ताईने मला नंतर सांगितले. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. तुम्हाला कोणता आजार आहे? वजन उतरवायला आजवर नेटाने काय केलंत? आणि हे ऑपरेशन तुम्हाला हवंय की घरच्यांना? पहिल्याचे उत्तर 'काही नाही' असे होते. दुसऱ्याचे उत्तर होते, आठ दिवस लिंबूपाणी. तिसऱ्याला उत्तर न देता ताई रडली.

मग आम्हा सर्वांना आत बोलावून त्यांनी सांगितले, "हिला आज माझी गरज नाही. थायरॉइड, साखर तपासून घ्या, आहारतज्ज्ञांना भेटा, वर्षभर जिद्दीनं चाला." काकांचा चेहरा पडला. पैसे जमवून आलेल्या माणसाला दुकानदाराने माल नाही म्हणून सांगावे, तसे त्यांना वाटले असावे. एवढ्यात डॉक्टरांचे लक्ष आत्याकडे गेले. त्या दिवशी उद्वाहक बंद असल्याने ती दोन मजले चढून आली होती आणि पदराने घाम पुसत अजून धापा टाकत होती. "बाई, तुम्हाला हा दम किती दिवसांपासून लागतो?"

आत्या गडबडली. म्हणाली, "अहो, मी सोबतीला आलेय."

वाचकहो, 'मी सोबतीला आलेय' हे तिचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. जिला आजार नव्हता तिच्यासाठी आम्ही ठेव मोडायला निघालो होतो. जिचा श्वास रोज रात्री अडकत होता ती सोबतीला आली होती. आणि या उफराट्या व्यवहारात कुणाला काही गैर दिसले नव्हते, मलाही नाही.

आता आकड्यांकडे वळू. किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो भागाकार येतो, त्याला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बी.एम.आय. म्हणतात. ताईचा २९, आत्याचा जवळजवळ ४२. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात मांडले ते अॅडॉल्फ केतले या बेल्जियन गृहस्थांनी. ते वैद्य नव्हते. गणिती आणि संख्याशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचा शोध चालला होता तो 'सरासरी माणसा'चा. आजचे इंग्रजी नाव या सूत्राला अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांनी १९७२ साली दिले. म्हणजे जे माप समुदाय मोजायला निघाले, ते पुढे एकेका माणसाच्या कपाळी चिकटले.

हे माप किती फसवे असू शकते याचा एक सुंदर दाखला आपल्या पुण्याचाच आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपली भारतीय शरीरे वरून सडसडीत दिसली तरी आत चरबी साठवून असतात आणि कमी वजनातही मधुमेहाला बळी पडतात. म्हणूनच आपल्याकडे स्थूलतेच्या मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खालच्या धरतात.

शस्त्रक्रियेच्या मर्यादाही काळानुसार बदलत आल्या. १९९१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने ठरवले होते की बी.एम.आय. ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि जोडीला गंभीर आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. २०२२ साली शल्यविशारदांच्या दोन मोठ्या संस्थांनी ही मर्यादा खाली आणली. आशियाई लोकांसाठी तर २७.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा पर्याय समोर ठेवावा असे सांगितले. या हिशेबाने आमची ताईही त्या रेषेत बसते. काकांनी हा आकडा कुठूनसा ऐकला होता, आणि परतीच्या वाटेवर ते तोच धरून बसले. "बसतंय ना नियमात? मग डॉक्टर नाही का म्हणाले?"

काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण नियमात बसणे म्हणजे दार उघडे असणे. दार उघडे आहे म्हणून आत गेलेच पाहिजे असे नाही. २०२५ साली 'लॅन्सेट'च्याच एका तज्ज्ञ मंडळाने सांगितले की नुसता बी.एम.आय. पाहून कुणाला रोगी ठरवू नये. जादा चरबीमुळे शरीराचे एखादे इंद्रिय बिघडले आहे काय, रोजचे जगणे अडले आहे काय, ते पाहावे. या कसोटीवर ताई आणि आत्या यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ताईला सावध राहायला हवे. आत्याला उपचार हवा.

उपचार म्हणजे नेमके काय, हेही समजून घेतले पाहिजे, कारण जाहिरातीतली दोन छायाचित्रे ते सांगत नाहीत. सध्या दोन पद्धती विशेष चालतात. पहिलीत जठराचा सुमारे पाऊण ते चार-पंचमांश भाग कायमचा कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. काढलेला भाग पुन्हा बसवता येत नाही. दुसरीत जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जाते. दोन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होतात. यात जागा कमी होते एवढेच नव्हे; जठर आणि आतडी मेंदूला भुकेचे आणि तृप्तीचे जे निरोप धाडतात, तेच बदलतात. म्हणूनच मधुमेह पुष्कळदा वजन उतरण्याच्या आधीच आटोक्यात येऊ लागतो.

याचा लाभ खरा आहे काय? स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एक दीर्घ अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रिया केलेले २०१० आणि न केलेले २०३७ अशा रुग्णांना त्यांनी वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवले. २००७ साली निष्कर्ष आला, तेव्हा शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळले. २०२० च्या निष्कर्षानुसार त्यांचे आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी जास्त होते. त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांत पाच रुग्ण दगावले, हेही नोंदले आहे. त्या काळच्या पद्धती आजच्याहून वेगळ्या होत्या. तरीही लाभ आणि जोखीम एकाच कागदावर लिहायची असते, हा धडा जुना होत नाही.

आणि टाके सुकल्यावर खरी परीक्षा सुरू होते. लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ या जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत ब-१२ आधीच बेताचे असते. घास बारीक चावायचा, पाणी जेवणाबरोबर प्यायचे नाही, आधी डाळ-उसळ-दही आणि मग भात. गोड खाल्ले तर काहींना धडधडते, घाम फुटतो, चक्कर येते. काही महिने केस गळतात. वजन झपाट्याने उतरल्याने पित्ताशयात खडे होऊ शकतात. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि काहींना तिचे व्यसन लागल्याच्या नोंदी आहेत. नियम सुटले तर उतरलेले वजन पुन्हा परतू शकते. मनाने खचलेल्या माणसाला वाटते की पोट आत गेले की दुःखही जाईल. ते तसेच राहिले की तो अधिकच कोसळतो. म्हणून चांगल्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञाला भेटल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत.

आणखी एक गोष्ट विवाहेच्छू मुलींच्या आईवडिलांनी कान देऊन ऐकावी. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी असा डॉक्टरांचा सल्ला असतो, कारण त्या काळात शरीराचे पोषण अस्थिर असते. म्हणजे ज्या लग्नासाठी पोट कापून घ्यायचे, त्याच लग्नानंतर सहा महिन्यांत सासूबाई 'गोड बातमी' विचारू लागणार! तेव्हा सुनेने काय उत्तर द्यायचे? आणि सणावाराला आग्रहाने वाढलेले ताट अर्धे परत केले, तर 'आमच्या घरचं आवडत नाही वाटतं' म्हणणारे घर तिला ते नियम पाळू देईल काय? ज्या घरापासून ही गोष्ट लपवावी लागणार, त्या घरासाठी ती करण्यात शहाणपण कोणते?

आता दुसरी बाजू. शस्त्रक्रिया म्हटले की नाक मुरडणारी मंडळीही थोडी नाहीत. "तोंडावर ताबा ठेवा, ऑपरेशन कशाला? हा आळशांचा मार्ग!" असे आमच्याकडेही बोलले गेले. बोलणारे गृहस्थ कधी पहाटे चारला उठून साठ पोरांच्या पोळ्या करायला उभे राहिले नव्हते. आत्या आळशी असेल तर आमच्या गावात उद्योगी कोण, हे मला कळत नाही. तिने उपास केले, कडू काढे प्यायली, दोनदा आठ-आठ किलो उतरवले, आणि दोन्ही वेळा ते व्याजासह परत आले. हा तिच्या मनाचा कच्चेपणा नव्हे. वजन घटू लागले की शरीर दुष्काळ पडल्यासारखे वागते. भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात, खर्च आवरता घेतला जातो. एका मर्यादेपलीकडे नुसत्या निग्रहावर ही लढाई जिंकणे फार थोड्यांना साधते. चष्मा लावणाऱ्याला आपण 'डोळे ताणून बघ' म्हणत नाही. मग इथेच नीतीचे पाठ का?

"आता इंजेक्शने निघाली आहेत की!" असेही कुणी म्हणेल. खरे आहे. आठवड्याला एकदा घ्यायची, भूक मंदावणारी अशी दोन औषधे २०२५ साली भारतात वजनासाठी विक्रीला आली, आणि ती गुणकारी आहेत. पुष्कळांची शस्त्रक्रिया त्यामुळे टळेलही. परंतु ती थांबवली की उतरलेले बरेचसे वजन परत येते, असे अभ्यास सांगतात. म्हणजे खर्चही वर्षानुवर्षे चालू. गोळी, सुई आणि सुरी यांत उच्च-नीच नाही. कोणाच्या आजाराला, कोणाच्या खिशाला आणि कोणाच्या दिनक्रमाला काय पेलते, एवढाच प्रश्न आहे.

खिशाचा विषय निघाला म्हणून सांगते. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित अटींनुसार ही शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळलेली नाही. पण तिथली रेषा वैद्यकाच्या रेषेहून वरची आहे. बी.एम.आय. ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि आटोक्याबाहेरचा मधुमेह, हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध असे काही; वय किमान अठरा, डॉक्टरांचा सल्ला, आणि साधे उपाय करून थकल्याचा दाखला. आत्याच्या यजमानांनी कधीकाळी काढलेली पॉलिसी ट्रंकेतून बाहेर निघाली. त्या बारीक अक्षरांची पाने वाचायला मात्र माझ्या शिक्षणाचा खरोखरच उपयोग झाला.

घरात मात्र विरोध झाला, आणि तो ज्या शब्दांत झाला ते शब्द मी विसरणार नाही. आजी म्हणाली, "आता या वयात बारीक होऊन कुणाला दाखवायचंय हिला?" आजीचे आत्यावर प्रेम आहे, ती लेक आहे तिची. तरीही तिला बाईचे शरीर म्हणजे दाखवायची वस्तू, एवढेच ठाऊक. ताईचे अजून दाखवायचे होते म्हणून तिच्यासाठी साडेतीन लाख. आत्याचे दाखवून झाले होते म्हणून तिच्यासाठी सुंठीचा काढा!

भाषेची विद्यार्थिनी म्हणून मला आणखी एक जाणवते. तान्ह्या मुलाने अंग धरले की आपण 'बाळसे' म्हणून कौतुक करतो. सून जरा भरली की 'खात्यापित्या घरची'. आणि तेच अंग लग्नाच्या बाजारात उभे राहिले की 'ढोली'. नाटक-सिनेमात जाडे पात्र आले की प्रेक्षक त्याने तोंड उघडण्याआधीच हसतात. शब्द आपले, हशा आपला. पण त्यांचे ओझे मात्र काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाने वाहायचे. माणूस आजाराने त्रासून डॉक्टरकडे जातो की या शब्दांनी त्रासून, हे वेगळे करून पाहिल्याशिवाय 'शस्त्रक्रिया योग्य की अयोग्य' याचे उत्तर मिळणार नाही. शब्दांवर सुरी चालत नाही.

आत्याने घाई केली नाही. पाच महिने घेतले. झोपेची तपासणी झाली, तीत रात्रीत कितीतरी वेळा श्वास थांबतो असे दिसले. दुर्बिणीतून जठर पाहिले. आहारतज्ज्ञांनी तिला वही लिहायला लावली; खानावळीत 'चव पाहते' म्हणून दिवसभरात तिच्या पोटात किती जाते, ते तिला त्या वहीने दाखवले. ती स्वतःच हसली. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी विचारले, नंतर तुमचा दिवस कसा जाईल ते घड्याळ लावून सांगा. खानावळ महिनाभर कोण बघणार? गोळ्यांची आठवण कोण देणार? तपासणीला पुण्याला कोण नेणार? ही उत्तरे जुळली तेव्हाच तारीख ठरली. डॉक्टरांनी मधुमेह समूळ जाईल असे वचन दिले नाही; नऊ वर्षांचा जुना आणि इन्शुलिनवर गेलेला, तेव्हा सुधारेल, पण किती ते सांगता येत नाही, असे स्वच्छ सांगितले. त्या स्वच्छ सांगण्याने आत्याचा विश्वास बसला.

एका संध्याकाळी मी तिला विचारले, "आत्या, तुला नक्की हवंय ना हे? भीती नाही वाटत?"

ती परात धूत होती. म्हणाली, "वाटते की. पण मला कुणाला दाखवायचं नाही गं. मला रात्री झोपायचंय."

याहून चांगले उत्तर मला कुठल्याही पुस्तकात सापडलेले नाही. कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर इतक्या कमी शब्दांत देता आले, की निर्णय पिकला असे समजावे. ते उत्तर दुसऱ्याच्या तोंडातून येत असेल, मग ते तोंड आईचे असो, नवऱ्याचे असो की मध्यस्थाचे, तर तो अजून कच्चा आहे.

माघ महिन्यात शस्त्रक्रिया झाली. विम्यातून भागले नाही ते काकांनी दिले, ताईने त्यांना सांगितले, "माझ्यासाठी काढले होते ना? मग हे माझ्याकडूनच समजा." आज नऊ महिने झाले. सारे गोड गोड झाले असे मी लिहिणार नाही. पहिल्या महिन्यात घाईने घास गिळल्याने आत्याला दोनदा उलट्या झाल्या. केस विरळ झाले. पुरणपोळीचा चतकोर खाऊन ताट बाजूला सारताना तिच्या डोळ्यांत पाणी आले, ते आम्ही सर्वांनी पाहिले. मधुमेहाची एक गोळी अजून आहे. पण इन्शुलिन डॉक्टरांनी थांबवले आहे, जिना ती न थांबता चढते, आणि रात्री घरात शांतता असते. यजमान म्हणतात, सुरुवातीला त्या शांततेनेच त्यांना जाग यायची.

आत्याचे वजन आता ७० किलो आहे. होय, ताईइतकेच! आत्याला भेटणारा प्रत्येकजण म्हणतो, "किती छान झालात!" आणि त्याच सत्तर किलोंकडे बघून ताईला म्हणतात, "जरा मनावर घे." काट्याला दोघींतला फरक कळत नाही, हे ठीक, तो बिचारा लोखंडाचा. आपण कशाचे?

ताई आता रोज पहाटे चालायला जाते. चार किलो उतरले आहे. ते तिने कुणाला सांगितलेले नाही. सहावे स्थळ आले तेव्हा तिने स्वतःच मध्यस्थांना विचारले, "मुलाचं वजन किती?" त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

तेव्हा ज्यांच्या घरी हा प्रश्न उभा असेल, त्यांना एवढेच विनवायचे आहे. आधी काटा नव्हे, माणूस पाहा. श्वास अडतो काय, साखर हाताबाहेर गेली काय, गुडघे बसले काय, ते पाहा. आणि तसे असेल तर शरम, टवाळी, 'या वयात कशाला' हे सारे बाजूला सारून त्या माणसाला चांगल्या डॉक्टरकडे घेऊन जा. तसे नसेल तर ठेव मोडू नका. पुढच्या तीस वर्षांची ताटे आणि गोळ्या कोण सांभाळणार ते आधी ठरवा. आणि शेवटी, त्या माणसाला एकटे बसवून विचारा, तुला हवे आहे काय? ते जे म्हणेल ते ऐकण्याची तयारी ठेवा.

आणि हो, सोबतीला आलेल्या माणसाकडेही एकदा बघा.